ठाण्यातून बोलावणं आलं तर: पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी कोणत्या क्रमानं काय करायचं

पंचगंगेत सोडलेल्या सांडपाण्याचा व्हिडिओ टाकला, ऊसदराच्या आंदोलनात भाषण केलं, ग्रामपंचायतीच्या बिलांसाठी माहिती अधिकारात अर्ज दिला किंवा शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला विरोध केला. मग फोन येतो, “जरा ठाण्यात येऊन जावा, साहेब बोलायचंय म्हणालेत.” पुढच्या काही तासांत माणसं ज्या चुका करतात, त्या केस संपेपर्यंत पाठ सोडत नाहीत. माणूस एकटाच जातो, भडाभडा बोलतो, मोबाईल उघडून दाखवतो आणि घरी येऊन घाबरून पोस्ट पुसतो.

या चारही चुकांवर उपाय एकच आहे. तोंडी काहीही करायचं नाही, आधी कागद मागायचा. खालचे टप्पे त्याच क्रमानं लावले आहेत. हा लेख वकिलाची जागा घेत नाही, पण वकील येईपर्यंत काय करायचं आणि काय टाळायचं ते यात आहे. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांचे आहेत. जिथं कायद्याचं नाव दिलेलं नाही तिथं नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम समजा. न्याय संहिता म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेली. ठाण्यात अजून बरेच जण जुने आकडे बोलतात, म्हणून गरज तिथं जुनेही दिले आहेत.

## टप्पा १: काहीच घडलेलं नसताना

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचे टप्पे सुरू झाले की वेळ तुमच्या हातात राहत नाही.

१. वकील आधी ठरवा. पाहुण्यातला वकील जमिनीच्या दाव्यात कितीही हुशार असला तरी इथं तो नको. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात रोज फौजदारी काम करणारा वकील हवा, आणि तो गावाला गेला तर दुसरा कोण, हेही ठरलेलं हवं. सही केलेलं वकीलपत्र त्यांच्याकडं ठेवून द्या. तालुक्यात राहत असाल तर गडहिंग्लज, इचलकरंजी, कागल असं आपल्या कोर्टातलं एक नाव जोडा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

२. दोन नंबर पाठ करा. एक वकिलाचा, एक घरचा. मोबाईल जप्त झाला की त्यातले नंबरही गेले. आजकाल बायकोचा नंबरसुद्धा पाठ नसतो, ही थट्टेची गोष्ट ठाण्यात अडचणीची ठरते.

३. मोबाईल आवरा. बोटाचा ठसा आणि चेहऱ्याचं लॉक काढून किमान सहा आकडी पासकोड ठेवा, जन्मतारीख नको. संवेदनशील गप्पांना आपोआप पुसण्याची मुदत लावा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप क्लाऊडवर जात असेल तर त्याचं एन्क्रिप्शन स्वतः चालू करावं लागतं, ते बहुतेकांचं बंद असतं. बातमीच्या सूत्राचं नाव, नंबर आणि त्याच्याशी झालेलं बोलणं एकाच फोनात ठेवू नका. आपल्याकडं पत्रकाराला सूत्र गुप्त ठेवण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ मधलं कलम १५(२) सूत्र सांगण्याच्या सक्तीपासून संरक्षण देतं, पण ते फक्त कौन्सिलसमोरच्या चौकशीपुरतं. पोलीस आणि कोर्टासमोर ते चालत नाही. म्हणून जे फोनात नाही तेवढंच खरं सुरक्षित.

४. मूळ पुरावा वेगळा ठेवा. छापलेली बातमी किंवा अपलोड केलेली क्लिप हा पुरावा नव्हे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, न कापलेली, दोन ठिकाणी ठेवा आणि तिची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) काढून लिहून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅशचा रकाना आहे, तो तुम्हालाही लागू होतो. समोरून “व्हिडिओ एडिट केलाय” असं येणार, हे गृहीत धरा.

५. पैशाची बाजू स्वच्छ करा. इथं बहुतेक जण फसतात. सरकारं लिहिल्याबद्दल धरलं असं क्वचित म्हणतात. १ डिसेंबर २०२४ रोजी जगभरात ३६१ पत्रकार तुरुंगात असल्याची नोंद कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्सनं केली. त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक जणांवर राष्ट्रविरोधी कृत्यांची मोघम कलमं होती. उरलेल्यांत हिशेबाचे आरोप नियमित दिसतात. अझरबैजानमध्ये भ्रष्टाचाराच्या बातम्या करणाऱ्या ‘अबझास मीडिया’च्या पत्रकारांना २०२३ मध्ये परकीय चलनाच्या तस्करीवरून पकडलं. फिलिपिन्समध्ये ‘रॅपलर’ ही वृत्तसंस्था आणि तिच्या संपादक मारिया रेसा यांच्यावर बदनामीसोबत करचुकवेगिरीचेही खटले भरले. कराच्या खटल्यांतून रेसा २०२३ मध्ये सुटल्या, पण त्यासाठी वर्षं गेली.

आपल्या जिल्ह्यात हेच हत्यार खंडणीच्या नावानं येतं. छोट्या पोर्टलचा बातमीदार बातमीही आणतो आणि जाहिरातही मागतो, त्याच माणसाकडं, त्याच फोनवरून. ठेकेदाराच्या हातात ते रेकॉर्डिंग गेलं की न्याय संहितेचं कलम ३०८ तयार. म्हणून:

- ज्याच्याविरुद्ध बातमी चालू आहे त्याच्याकडून जाहिरात घेऊ नका, मागूही नका. दिवाळी अंकाचीसुद्धा.
- माहिती अधिकाराचा अर्ज “मागं घ्या, बसून बोलू” असं कोणी म्हटलं तर बसू नका. नकार लेखी मेसेजमध्ये द्या.
- आंदोलनाची वर्गणी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. पावती पुस्तक, दोन जणांच्या सहीचं खाते आणि महिन्याचा हिशेब ठेवा.
- चॅनेलचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा.

६. घरच्यांना सांगून ठेवा. पोलीस दारात आले तर कोणाला फोन करायचा, कोणत्या कागदावर सही करायची नाही, आणि “ते कुठं आहेत” याचं उत्तर काय द्यायचं. घरच्यांनी खोटं बोलू नये. “वकिलांशी बोला” एवढं पुरतं.

७. प्रसिद्धीच्या दिवसाची काळजी घ्या. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्यावर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्या दिवशी बातमी बाहेर पडते त्या दिवशी ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या वेळी, एकट्यानं जाऊ नये.

> तपासा: मोबाईल आत्ता हातातून काढून घेतला तर एका तासात वकिलाला कळेल का? मूळ फाइल कुठं आहे ते तुमच्याशिवाय अजून एकाला माहीत आहे का? नसेल तर इथंच थांबा, आधी ते करा.

## टप्पा २: तोंडी निरोप आल्यावर

फोनवर आवाज चढवू नका आणि गयावया करू नका. पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: आपलं नाव आणि हुद्दा काय, ठाणं कोणतं, विषय कोणता, गुन्हा दाखल आहे का आणि असेल तर रजिस्टर नंबर काय, मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून. मग म्हणा, “साहेब, लेखी नोटीस द्या, त्याप्रमाणं हजर राहतो.” एवढंच. ‘येत नाही’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, तो नोंदवला जातो.

गावात हा निरोप पोलीस पाटलाकडून किंवा सरपंचांच्या मध्यस्थीनं येतो, “मी बोललोय, नुसतं येऊन जा.” मध्यस्थी करणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण त्याच्यासोबत गेलात तर तुमच्या हातात कागद नसतो आणि एक जादा साक्षीदार तयार झालेला असतो.

व्हॉट्सअॅपवर नोटीस आली तर? कलम ३५ ची (संशयिताला हजर राहायला सांगणारी, टप्पा ३ बघा) नोटीस व्हॉट्सअॅपनं किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गानं बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि जुलैमध्ये ते कायम ठेवलं. तरीही ती नोटीस दुर्लक्षित करू नका. स्क्रीनशॉट काढा आणि रीतसर नोटीस देण्याची विनंती वकिलामार्फत लेखी पाठवा.

> सावधान: व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणारा, पैसे मागणारा किंवा ‘फोन चालूच ठेवा’ म्हणणारा पोलीस नसतो, तो भामटा असतो. कॉल तोडा आणि जवळच्या ठाण्यात विचारा.

## टप्पा ३: हातात आलेला कागद ओळखा

लोक सगळ्यालाच ‘नोटीस आली’ म्हणतात. कोणता कागद आहे यावर पुढची प्रत्येक गोष्ट ठरते, म्हणून सही करण्याआधी कलम वाचा. घेताना सहीखाली तारीख आणि वेळ घाला, आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा.

कलम १६८ (जुनं १४९). मोर्चाच्या आदल्या रात्री घरी येते ती हीच. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) करू नका, अशी समज. हा गुन्हा नव्हे आणि मोर्चावर बंदीही नव्हे. पण पुढं काही घडलं तर ‘यांना आधीच बजावलं होतं’ म्हणून ती जोडली जाते. तिला दोन ओळींचं उत्तर द्या: आंदोलन शांततेत आहे, ठिकाण आणि वेळ अशी आहे, परवानगीचा अर्ज अमुक तारखेला दिला आहे.

मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) खाली जिल्हादंडाधिकारी काढतात. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाची मनाई असा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडं चालत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघतो. बिंदू चौकात, दसरा चौकात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसण्याआधी त्या दिवशी कोणता आदेश लागू आहे त्याची प्रत मिळवा. आदेशात अनेकदा ‘परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना लागू नाही’ असं असतं. म्हणून परवानगीचा अर्ज आवक शिक्का मारून घेतलेला हवा. आदेश मोडल्याचा खटला न्याय संहितेच्या कलम २२३ खाली असेल तर संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. तुमच्या वकिलाचा तो पहिला प्रश्न असायला हवा.

कलम ३५(३) (जुनं ४१अ). इथं तुम्ही संशयित आहात. हजर राहणं बंधनकारक आहे. अटी पाळत राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर तेच अटकेचं कारण होतं. ही नोटीस अंगावर येणारी वाटते, पण ती तुमची ढालही आहे. ती जपून ठेवा आणि एकही तारीख चुकवू नका.

कलम १७९ (जुनं १६०). साक्षीदाराचं बोलावणं. हे त्याच किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच पाठवता येतं. महिला, साठ वर्षांवरचे, पंधरा वर्षांखालचे, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. आंदोलनातल्या कितीतरी महिला हे माहीत नसल्यामुळं ठाण्यात दिवसभर बसून राहतात.

कलम ९४ (जुनं ९१). कागद किंवा उपकरण आणून द्या, अशी मागणी. नेमकं काय मागितलंय ते बघा. ‘मोबाईल’ आणि ‘अमुक व्हिडिओची फाइल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फाइल मागितली असेल तर फाइलच द्या.

चॅप्टर केस, कलम १२६ (जुनं १०७). शांतता राखण्याची हमी घेणारी ही प्रतिबंधात्मक कारवाई तहसीलदार किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर चालते. पहिल्याच तारखेला “नुसता बॉण्ड आहे, सही करा आणि मोकळे व्हा” असं सुचवलं जातं. सही केलीत की वर्षभर शांततेची हमी तुमच्या मानेवर. पुढच्या आंदोलनात किरकोळ काही झालं तरी बॉण्ड मोडला म्हणून तुरुंगाची वाट खुली. उत्तर द्या, आरोप नाकारा, पुरावा मागा. ही चौकशी सहा महिन्यांत संपवायची असते.

तडीपारीची नोटीस. पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली प्रस्ताव आणि कलम ५९ खाली तुमचं म्हणणं मागवणारी नोटीस. कमाल मुदत दोन वर्षं. आंदोलनांतल्या केसेस मोजून ‘सराईत’ ठरवलं जातं. २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो अपवादानंच वापरावा. आदेश निघाला तर अपील तीस दिवसांत करायचं असतं, हे दिवस तोंडी चर्चेत घालवू नका.

वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस. हिच्यामागं कोर्ट नाही, पोलीसही नाहीत. बदनामी (न्याय संहिता, कलम ३५६) अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, आणि खटला बाधित व्यक्तीनं स्वतः कोर्टात दाखल करायचा असतो. उत्तर मात्र मुदतीत द्या. माल्टाच्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांची २०१७ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक दावे पडून होते. दाव्यांचा ढीग घालून दमवणं ही पद्धत आपल्याकडच्या साखरसम्राटांनाही चांगली ठाऊक आहे.

> नेहमीची चूक: १७९ ची नोटीस घेऊन गेलेला साक्षीदार ठाण्यात बोलता बोलता आरोपी होतो. “मीच तो मेसेज पुढं पाठवला, पण...” इथून सुरुवात होते.

## टप्पा ४: हजेरी

आधी लेखी उत्तर आणि नंतर माणूस, हा क्रम उलटा करू नका. उत्तरात नोटिशीचा क्रमांक, तुमची हजर राहण्याची तयारी, गुन्ह्याच्या प्रतीची मागणी आणि वकील सोबत असेल हे लिहा. वेळ हवा असेल तर कारणासह दुसरी तारीख मागा. ठाण्याच्या आवक विभागाचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि त्याच दिवशी पोलीस अधीक्षक कार्यालयाला प्रत द्या.

गुन्हा दाखल असेल तर त्याची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधा. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत टाकायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. कलम न वाचता चौकशीला जाणं टाळा.

आत गेल्यावर:

१. मोबाईल घरी ठेवा किंवा बाहेर थांबलेल्या सहकाऱ्याकडं बंद करून द्या. नोटिशीत मोबाईलच मागितला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुढचा टप्पा बघा.

२. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहा. ठाण्यात बसवून ठेवलं, धमकावलं असं नंतर सांगायचं असेल तर सीसीटीव्ही हाच साक्षीदार. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बंधनकारक केले. त्या वेळेतलं चित्रण जपून ठेवा, असा अर्ज लगेच, दुसऱ्याच दिवशी द्या. महिन्यांनी मागितलं तर हार्ड डिस्क ‘बिघडलेली’ असते.

३. नाव, पत्ता, व्यवसाय सरळ सांगा. घटनेबद्दलचं उत्तर शक्यतो लेखी द्या. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३) नं दिला आहे. पण ‘बोलणार नाही’ म्हणून टेबल आपटू नका. “याचं उत्तर वकिलांशी बोलून लेखी देतो” हे वाक्य पुरेसं आहे. आणि खोटं कधीच सांगू नका, गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

४. तपासी अंमलदारानं लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. कोऱ्या कागदावर, पुसट प्रतीवर किंवा ‘माफीनाम्यावर’ तर नाहीच. माफीनामा लिहून दिला की प्रकरण मिटतं, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज आहे. कोर्टात तो कबुलीसारखा वाचला जातो आणि गावात व्हॉट्सअॅपवर फिरतो.

## टप्पा ५: झडती आणि मोबाईल

दारात पोलीस आले तर अडवू नका. ओळखपत्र, वॉरंट आणि वॉरंट नसेल तर कलम १८५ खाली लिहिलेली कारणं मागा. झडतीच्या वेळी दोन स्वतंत्र पंच हवेत. शेजारचा कोणी बोलावून बसवा. कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांना बंधनकारक आहे. ते चालू आहे का ते विचारा आणि नसेल तर पंचनाम्यात तशी नोंद करायला सांगा.

मोबाईल मागितला तर क्रम असा:

१. फोन पूर्ण बंद करून द्या. नुसतं लॉक केलेल्या फोनापेक्षा बंद फोनातून माहिती काढणं जास्त अवघड असतं.

२. पंचनाम्यात मेक, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सिम आणि मेमरी कार्ड वेगवेगळं लिहायला लावा. सील समोर लावून घ्या.

३. हॅश व्हॅल्यू मागा. ठाण्यात ती काढायची सोय नसेल तर ‘मागितली, दिली नाही’ हे लिहून घ्या. हा हट्ट कशासाठी? भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं २०२१ मध्ये अहवाल दिला की आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर वापरून फाइली घातल्या गेल्या होत्या. जप्तीच्या क्षणाची हॅश असेल तर त्यानंतर काही बदललं का ते पकडता येतं. जप्तीच्या आधीची घुसखोरी मात्र तिच्यात दिसत नाही, त्यासाठी टप्पा १ मध्ये वेगळी ठेवलेली मूळ फाइल.

४. पासकोड मागितला तर “वकिलांच्या सल्ल्यानं लेखी उत्तर देतो” म्हणा. तो द्यावा लागतो की नाही यावर न्यायालयांचं मत एक झालेलं नाही, म्हणून तिथल्या तिथं स्वतः निर्णय घेऊ नका.

५. जप्तीच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय कोणालाही जाऊ देऊ नका.

पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं करा, असं सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. फोन परत मिळवण्यासाठी कलम ४९७ किंवा ५०३ खाली कोर्टात अर्ज करावा लागतो, ‘साहेबांना सांगून’ तो परत येत नाही.

> सावधान: परत मिळालेला फोन पुन्हा वापरू नका. सर्बियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका पत्रकाराचा फोन थोड्या वेळासाठी ठेवून घेतला. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेच्या तपासात आढळलं की तेवढ्यात तो सेलेब्राइट कंपनीच्या फोन उघडणाऱ्या साधनानं उघडून त्यात नोव्हीस्पाय नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. पाच मिनिटं जरी फोन दुसऱ्या खोलीत गेला असला तरी हेच समजा.

> नेहमीची चूक: नोटीस आल्यावर पोस्ट, ग्रुप, चॅट पुसणं. पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २३८ त्यावर लागू शकतं, आणि मूळ आरोप फुसका असला तरी हे दुसरं कलम पक्कं बसतं.

## टप्पा ६: अटक झालीच तर

अटक होताना झटापट नको. शासकीय कामात अडथळ्याचं कलम लागलं की आधीची सगळी तयारी वाया जाते.

पहिली मागणी: अटकेचे आधार लेखी द्या. छापील फॉर्मवरच्या खुणा पुरत नाहीत, तुमच्याविरुद्ध नेमकं काय आहे ते हवं. ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक मे २०२४ मध्ये याच मुद्द्यावर बेकायदा ठरली. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम आणखी घट्ट केला. कोणत्याही गुन्ह्यात हे आधार आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायचे, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडला नेण्याच्या किमान दोन तास आधी. तुम्हाला मराठीतच हवेत, हे सांगा.

दुसरी: घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवणं. तिसरी: चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं, कलम ३८. चौथी: वैद्यकीय तपासणी. सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेतील तेव्हा डॉक्टरांना प्रत्येक इजा दाखवा, “काही नाही” म्हणू नका, कारण तोच कागद पुढं उपयोगी येतो. महिलेला सूर्यास्तानंतर अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्यांच्या आधीच्या परवानगीनंच अटक करता येते.

चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणं बंधनकारक आहे. अटक शुक्रवारी संध्याकाळी होते हा योगायोग नसतो, पण सुट्टीतही रिमांड कोर्ट बसतं. न्यायाधीशांनी “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” विचारलं की मारहाण झाली असेल तर तिथंच, मोठ्यानं सांगा. मागून सांगितलेलं ‘नंतर सुचलेलं’ ठरतं.

मोर्चातून कलम १७० (जुनं १५१) खाली उचललं असेल तर ती प्रतिबंधात्मक अटक आहे, दुसरं कारण नसेल तर चोवीस तासांच्या आत सोडावं लागतं. सोडताना कोणता कागद सहीला देतात ते वाचा. चॅप्टरचा बॉण्ड बहुतेक वेळा तिथंच सरकवतात.

## टप्पा ७: कोणत्या कोर्टात, कधी

घाईत थेट उच्च न्यायालयाकडं धावणं ही आता कोल्हापूरकरांची नवी चूक आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयात सुरू झालं, मुंबईची फेरी वाचली, म्हणून प्रत्येक नोटिशीवर याचिका करायची असं नव्हे.

अटकेची भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी आधी सत्र न्यायालय. गुन्हाच मुळात उभा राहत नसेल तर कलम ५२८ खाली रद्द करण्यासाठी सर्किट बेंच. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथंच जातात.

भाषण, कविता, पोस्ट यांवरच्या गुन्ह्यात वकिलाला एक गोष्ट आवर्जून विचारा: गुन्हा नोंदवण्याआधी कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी झाली का? तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत ती करता येते. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा २८ मार्च २०२५ ला रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ही चौकशी करणंच योग्य. शब्दांचा परिणाम कणखर, समजूतदार माणसाच्या नजरेतून तपासायचा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नाही, हेही त्यात आहे. वेगवेगळ्या गटांत तेढ वाढवण्याचं न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३अ) उठसूट लावलं जातं, तिथं हा निकाल कामाला येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं असेल तर हसून सोडू नका. ते २०१५ मध्येच रद्द झालं आहे, पण रद्द कलमावरचा गुन्हाही अर्ज केल्याशिवाय आपोआप संपत नाही.

## टप्पा ८: पोस्ट गायब झाली किंवा नेट बंद झालं

प्लॅटफॉर्मनं व्हिडिओ काढला तर आलेला ईमेल जपा, कोणाच्या मागणीवरून काढला ते विचारा आणि तक्रार अधिकाऱ्याकडं मुदतीत अपील करा. तोच व्हिडिओ लगेच दुसऱ्या नावानं टाकू नका, अख्खं चॅनेल जातं. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये नेट बंद झालं होतं, तेव्हा अनेकांच्या बातम्या क्लाऊडवरच अडकल्या. नेटबंदीचा आदेश प्रसिद्ध करणं सरकारला बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात ठरवलं. आदेशाची प्रत मागा.

## टप्पा ९: जगाला केव्हा सांगायचं

वकिलाशी बोलल्यानंतर, पण फार उशीर न करता. मजकूर एका पानाचा: तारीख, वेळ, ठाणं, कलम, कोणतं लेखन किंवा आंदोलन, सध्याची स्थिती. आरोप, शिव्या, अंदाज नकोत, अधिकाऱ्याच्या जातीवर-पक्षावर तर अजिबात नको. एकाच माणसानं बोलायचं. पत्रकार संघ, संपादक आणि गरज पडली तर आंतरराष्ट्रीय संस्था, सगळ्यांना तेच पान. दहा जणांनी दहा तपशील टाकले की रिमांडच्या अर्जात तेच वापरले जातात.

हल्ला झाला असेल तर वेगळा मार्ग आहे. माध्यमकर्मींवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा फिर्यादीत नमूद करायला लावा. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवून बोळवण करतात, तिथंच अडून राहा. खोटी तक्रार केली तर याच कायद्यात तक्रारदारालाही शिक्षा आहे.

मानवी हक्क आयोगाकडं जायचं तर घटनेपासून वर्षाच्या आत.

## टप्पा १०: केस चालू असताना

जामीन झाला की लोक सुटकेचा निश्वास टाकतात आणि तारखा विसरतात. दोन तारखा चुकल्या की अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, आणि ते आंदोलनाच्या ऐन आदल्या दिवशी बजावलं जातं. तारखांची वही घरच्या माणसाकडं द्या. जामिनाच्या अटी, म्हणजे ठाण्यात हजेरी, जिल्ह्याबाहेर न जाणं, साक्षीदारांना न भेटणं, मोबाईलच्या मागं चिकटवून ठेवा. जबाब दिलेल्या सहकाऱ्याशी ग्रुपवर केसबद्दल बोलणंसुद्धा साक्षीदाराला भेटणं धरलं जाऊ शकतं.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी बघा. फौजदारी खटला चालू असताना नूतनीकरणाला कोर्टाची परवानगी लागते, आणि अर्जात खटला लपवला तर नवा गुन्हा. परवानगीचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी द्या, कारण त्यालाही तारखा पडतात.